पाया उन्हाळ्यातच खणायचा असतो

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मी एसटीतून रिटायर झालेला माणूस, श्रीरामपूरकडचा, ख्रिस्ती. आमच्या लोकांत हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं, "तुमचा विश्वास कमी पडला". त्याबद्दल लिहायचं होतं, बरेच दिवस राहून गेलं.

आमच्या मिसेसची किडनी गेली तेव्हा अडीच वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नगरला नेत होतो. सकाळची पहिली गाडी, डब्यात बिनमिठाची भाजी आणि पाणी मोजून. त्या काळात भेटायला येणाऱ्यांत एक जण चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभा, घेणारे होते, ते सरळ म्हणाले डायलिसिस बंद करा, विश्वास ठेवा. मी त्यांना चहा पाजला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. ती गेल्यावर तेच म्हणाले की घरात विश्वास कमी पडला. आता यावर काय बोलणार! बायबलात ईयोब म्हणून एक सगळं गमावलेला, आजारी माणूस आहे, त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, तोवर सगळं ठीक होतं, तोंड उघडलं तिथून घोळ सुरू झाला.

विश्वास म्हणजे काय, तर माझ्यापुरतं सांगतो. आमच्याकडे काळ्या रानात घर बांधायचं तर मुरूम लागेपर्यंत पाया खणावा लागतो, नाहीतर पावसात माती फुगते, उन्हात भेगाळते आणि दोन वर्षांत भिंतीला हात जाईल एवढी चीर पडते. येशूने सांगितलेला खडकावर घर बांधणाऱ्याचा दाखला सगळ्यांना पाठ असतो पण लूकच्या शुभवर्तमानात त्या माणसाने आधी खोल खणलं असं लिहिलंय, ते आपण घाईत वाचून पुढे जातो. पुराचा लोंढा पाया असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही घरांवर आदळला हेही तिथंच आहे.

आमचं खणणं आजीने केलं. दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना, आणि शब्बाथशाळेचं (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेचं) सुवर्णवचन, म्हणजे बायबलातली नेमून दिलेली ओळ, पाठ म्हणून दाखवल्याशिवाय ताटात भाकर नाही. मला त्याचा भयंकर कंटाळा यायचा, खरं सांगतो, अर्थ तर एकाही ओळीचा कळत नव्हता. पण शेवटच्या आठवड्यात आयसीयूच्या बाहेर रात्री अडीच वाजता बाकड्यावर बसलो होतो, मोबाईल डिस्चार्ज, प्रार्थनेला एक शब्द सुचेना, तेव्हा बायबलातलं तेविसावं स्तोत्र आपोआप तोंडात आलं, आजीच्या चालीसकट. आणि पहिल्यांदा लक्षात आलं की त्यात मृत्युच्छायेच्या दरी"तून" जायचं म्हटलंय, दरी चुकेल असं कुठं म्हटलेलंच नाही. त्या रात्री मी देवाशी भांडलोही. वधस्तंभावर प्रभू येशूने स्वतः "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" म्हटलं, तर मी कोण लागून गेलो.

पंडिता रमाबाईंचंच बघा ना. आई, वडील, बहीण दुष्काळात गेले, भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात तान्ही मनोरमा. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या मठातल्या सिस्टर लोकांशी धर्माच्या गोष्टींवर पत्रातून असा वाद घातला की बास, नुसतं मान डोलावणं त्यांना जमलंच नाही. त्यांना कोणी म्हणेल का विश्वास कमी म्हणून? पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी पोरी गोळा करून केडगावला आणल्या, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत केलं. १९२१ ला ती मनोरमाही गेली, पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. मधले ते महिने त्यांनी कसे काढले असतील हे मला आधी कधी मनात आलं नव्हतं, आता येतं.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की दुखणाईताच्या घरी गेलात तर डबा न्या, रिक्षा बघा, रात्री एक पाळी बसा. आजाराचं कारण शोधू नका. आणि साहेब, तुमच्या नाताळ पुरवणीत केक आणि चर्चच्या लायटिंगचे फोटो असतात, छानच असतात, मी जपून ठेवतो, पण एखाद्या वर्षी आमच्या घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेवरही काहीतरी छापा की.

आमच्याकडे ती परत सुरू केलीये. भाकर अडवून ठेवत नाही, सूनबाईला चालणार नाही. सध्या एकशे एकविसावं स्तोत्र चालू आहे आणि नातवाची गाडी "साहाय्य" या शब्दापाशी रोज अडकते.

आपला,
एक वाचक, श्रीरामपूर