बाय, राजीनाम्याआधी तारखा लिहून काढ

डिचोली, गोवा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

परवा सिडनीहून फोनवर तू सांगितलेस ते मनातून जात नाही. नातवाला दम्याचा झटका आला म्हणून तू चार दिवस घरी राहिलीस, आणि कामावर परतल्यावर पंधरा दिवसांच्या आत तुझ्याकडचे गटप्रमुखाचे काम काढून घेऊन 'कामात लक्ष नाही' असे पत्र तुझ्या हातात ठेवले गेले. 'बाबा, राजीनामाच देते,' असे तू म्हणालीस. तो एवढ्यात देऊ नकोस.

माझी निम्मी नोकरी खाणकंपनीच्या ऑफिसात हजेरीचे रजिस्टर सांभाळण्यात गेली, हे तुला ठाऊक आहे. त्या रजिस्टरातली एक गोष्ट मात्र मी घरात कधी बोललो नाही. यंत्रावर काम करणाऱ्या एका माणसाच्या आईला अर्धांगवायू झाला होता आणि घरात दुसरे कोणी नसल्यामुळे तो महिन्यातून दोन-तीन दिवस रजा घेई, पण दर वेळी अर्ज देऊन आणि डॉक्टरांचा दाखला जोडून. साहेबांनी सांगितले म्हणून मी त्याच्या नावापुढे तांबड्या शाईने 'वारंवार गैरहजर' असा शेरा मारला. तेव्हा ते सगळे दाखले टाचणी लावून माझ्यासमोरच्या फाईलमध्ये होते. पुढे त्याला काढले त्या पत्रात ना आईचा उल्लेख होता, ना रजेचा. 'काम असमाधानकारक' एवढेच शब्द होते. तो काही बोलला नाही, सही करून हिशेब घेऊन गेला. ते कागद तारखेप्रमाणे लावून तो लेबर कमिशनरच्या ऑफिसात गेला असता तर माझा शेरा टिकणे कठीण होते, हे मला त्या दिवशीही कळत होते आणि तरी मी गप्प राहिलो. त्याची लाज अजून वाटते.

तुझ्या पत्रातही रजेचा शब्द नाही, म्हणून तू घाबरली आहेस. तू पाठवलेली तिकडच्या कायद्याची माहिती मी दोनदा वाचली. ऑस्ट्रेलियाच्या 2009 च्या फेअर वर्क कायद्याप्रमाणे पूर्णवेळ कायम कर्मचाऱ्याला स्वतःच्या आजारपणासाठी आणि घरच्यांच्या सेवेसाठी मिळून वर्षाला 10 दिवस पगारी रजा आहे. म्हणजे तू घेतलीस ती कोणाची मेहेरबानी नव्हती. रजेचा हक्क वापरला किंवा घरच्यांची जबाबदारी आहे म्हणून नोकरीवरून काढणे, हुद्दा उतरवणे, कामाची स्थिती बिघडवणे, या सर्वांना तो कायदा मनाई करतो. मला सर्वांत मोलाचे वाटले ते पुढचे: रजा हे कारण नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, आणि अनेक कारणांपैकी ते एक असले तरी पुरते. आमच्या त्या माणसाच्या हाती असे काही असते तर!

मात्र मुदती नीट ध्यानात ठेव. नोकरीवरून काढले, तर फेअर वर्क कमिशनकडे, म्हणजे नोकरीचे तंटे ऐकणाऱ्या तिकडच्या संस्थेकडे, 21 दिवसांत अर्ज जायला हवा. ते दिवस रडण्यात भराभर निघून जातात. सिडनी न्यू साउथ वेल्स राज्यात असल्यामुळे तेथील 1977 च्या भेदभावविरोधी कायद्याखालीही तक्रार करता येते आणि तिला 12 महिन्यांची मुदत आहे. पण एकाच गोष्टीसाठी दोन्ही दारे एकदम ठोठावता येत नाहीत, तेव्हा कोणते निवडायचे ते युनियनच्या माणसाला किंवा वकिलाला विचारल्याशिवाय ठरवू नकोस.

आज रात्री मूल झोपल्यावर एवढे कर. रजेचा निरोप कधी आणि कोणाला धाडलास, दवाखान्याचा दाखला कोणत्या तारखेचा, काम कोणत्या दिवशी काढून घेतले, त्या वेळी कोण काय बोलले, हे त्याच शब्दांत लिहून काढ. मागच्या वर्षी तुझ्या कामाची तारीफ करणारे मेल आले होते ना? लक्ष नसल्याचे पत्र देणाऱ्यांनीच ते पाठवले होते, तेव्हा त्यांच्या प्रती जपून ठेव. साहेबांशी तोंडी बोलणे झाले की त्याच संध्याकाळी 'आज आपण असे म्हणालात' अशा दोन ओळी त्यांना लिहून पाठव.

आई नातवासाठी रोज दिवा लावते आणि तू जेवतेस की नाही ते मला विचारते. तारखांचा कागद तयार झाला की त्याचा फोटो पाठव. मी तो ओळ न् ओळ तपासून देईन.

तुझे,
बाबा