ताई, तुम्ही आकडा झाकला नाहीत

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणून आधी तुम्हाला फोन करून विचारलं होतं, ‘तुमच्या व्हिडिओ-जाहिरातींच्या बिलांचं लिहू का?’ तुम्ही म्हणालात, ‘लिही की, त्यात आपण काय चोरी केलीय का?’ नाव मात्र घालू नकोस म्हणालात, ते ऐकते. सोलापूरकडच्या, मोबाईलवरून ब्लाऊज कटिंग शिकवणाऱ्या ताई, एवढीच ओळख ठेवते. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

काल मसाला कंपनीच्या जाहिरातीचे उरलेले १४ हजार जमा झाले. मेसेज आला तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानेच मोबाईल उचलला आणि सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडा दोनदा वाचला आणि विचारलं, ‘हे आपल्या चटणीच्या व्हिडिओचे?’ कांदा-लसूण चटणीची ती रीत त्यांचीच. बेडगी मिरची किती, संकेश्वरी किती, खोबरं कुठवर भाजायचं, सगळं त्यांच्या हातातलं. त्यातले पाच हजार मी त्यांच्यापुढे ठेवले तर आधी घेईनात. मग देवापुढे ठेवून आल्या. तेव्हाच ठरवलं की हे पत्र आज लिहायचं, उद्यावर टाकायचं नाही.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगायला हवं. मी गडहिंग्लजची. तीन वर्षांपासून घरच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करते, चॅनेलला ६२ हजार लोक जोडलेले आहेत. पहिल्याच वर्षी एका एजन्सीच्या मुलाचा फोन आला. मॅम मॅम करत त्याने एक तवा आणि एक कढई पाठवली आणि तीन रील करून घेतल्या. पैशांचं विचारल्यावर म्हणाला, ‘आत्ता बार्टर करू मॅम, एक्स्पोजर मिळेल.’ म्हणजे वस्तूच्या बदल्यात काम, पैसे नाहीत. मी मेलला ‘ओके’ लिहून पाठवलं. पुढे वर्षभर माझा चेहरा त्या तव्याच्या जाहिरातीत फिरत होता. नागपूरची चुलतबहीण फोन करून म्हणायची, ‘रोज दिसतेस गं, चांगले पैसे मिळत असतील!’ एक रुपया मिळाला नव्हता. ज्या मेलला मी ‘ओके’ लिहिलं त्यातच त्यांनी व्हिडिओ कायमचा वापरायचा हक्क घेऊन ठेवला होता.

दुसऱ्या एजन्सीने १८ हजार ठरवले, व्हिडिओ घेतला आणि ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’ हे वाक्य मला सात महिने ऐकवलं. मग अकाउंट्सच्या मॅडम सुट्टीवर गेल्या. मग फोन लागायचा बंद झाला.

पण खरं सांगू का ताई, या दोघांचा राग कधीच निवला. जास्त लागलं ते आपल्याच माणसांचं. मसाला कंपनीचा मेल आला तेव्हा मी मराठीत व्हिडिओ करणाऱ्या तिघांना विचारलं होतं की तुम्ही साधारण किती घेता. मोठी नावं आहेत, मी त्यांना मनापासून मानते. एकीने उत्तरच दिलं नाही. एकाने लिहिलं, ‘ते ज्याचं त्याचं असतं.’ तिसरीने स्वतःच्या पेमेंटचा स्क्रीनशॉट पाठवला, ‘बघ, मिळतात पैसे’ म्हणून, आणि आकड्यावर काळा पट्टा ओढला होता. त्या पट्ट्याखाली चार आकडे आहेत की पाच, हे मी मोबाईल तिरका करून करून बघत होते. त्या रात्री मला फार एकटं वाटलं.

त्याच रात्री अकरा वाजता तुम्हाला मेसेज केला. तुमची माझी ओळख काय, तर तुमचा कटोरी ब्लाऊजचा व्हिडिओ बघून मी एक ब्लाऊज शिवला होता. कंपनी आठ हजार देते म्हणते, एक मोठा व्हिडिओ आणि दोन रील, घेऊ का, एवढंच विचारलं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

सकाळी सहा चाळीसला तीन फोटो आले. तीन बिलं. पहिलं शाळेच्या वहीच्या पानावर हाताने लिहिलेलं, २०१९ सालचं, दोन व्हिडिओंचे मिळून १,५०० रुपये. दुसरं ९,००० चं. तिसरं छापील, ४०,००० चं. एकाही आकड्यावर पट्टा नाही. पहिल्या फोटोच्या कोपऱ्यात तुमचा अंगठा आला होता, नखाच्या कडेला शिवणाच्या निळ्या खडूची भुकटी. म्हणजे तुम्ही कामावर बसण्याआधी नव्हे, कामातून उठून, जुनी वही शोधून ते फोटो काढले होते. खाली एकच ओळ होती: ‘पहिलं बघून मला अजून लाज वाटते, पण तेच आधी बघ.’

तुम्ही नंतर खूप काही शिकवलंत. पण ताई, माझ्यासाठी सगळं त्या फोटोत होतं. चाळीस हजारांचं बिल दाखवायला माणसं तयार होतील एक वेळ. दीड हजारांचं कोण दाखवतं?

माझे आजोबा मिरची विकायला बाजारात न्यायचे. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचे, असं ते सांगायचे. शेतकरी शेजारी उभा, माल त्याचा, आणि रुमालाखाली काय चाललंय ते त्यालाच कळत नाही. ‘हत्ता’ म्हणायचे त्याला. पुढे कायद्याने उघड लिलाव आला. आजोबा म्हणायचे, ‘भाव कानावर पडला तेव्हा कळलं, आजवर किती गेले.’ तुमची तीन बिलं बघून मला तेच कळलं. आम्ही व्हिडिओवाले अजून रुमालाखालीच आहोत, आणि तो रुमाल कंपन्यांनी नाही, आपणच एकमेकांवर टाकलाय. मला शेजारणीचा दर माहीत नाही, तिला माझा नाही. ज्याला दोघींचे माहीत आहेत तो दोघींना आठ हजार सांगतो.

मग तुमचा फोन आला. मागे शिलाई मशीनचा आवाज चालू होता. तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, ‘या व्हिडिओला तुझे दिवस किती जाणार?’ मी मोजले. मिरची आणून निवडण्यात एक, वाळवण आणि भाजण्यात एक, डंकावर जाऊन कुटून आणण्यात आणि शूटिंगमध्ये एक, एडिटिंगला दोन. पाच दिवस. तुम्ही म्हणालात, ‘पाच दिवसांची मजुरी आधी धर. मग शेवटचे दहा व्हिडिओ किती जणांनी बघितले त्याची सरासरी काढ, सबस्क्रायबर कुणी धरत नाही. आणि तुझा व्हिडिओ त्यांना जाहिरात म्हणून चालवायचा असेल तर त्याचे वेगळे, कारण ते तुझं तोंड भाड्याने घेतायत.’ हे शेवटचं वाक्य मला तव्याच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर!

कंपनीचा माणूस म्हणाला होता की रिजनल चॅनेलचा रेट कमीच असतो. तुम्ही म्हणालात, ‘त्याला विचार, मग हिंदीवालीकडे का नाही गेलात? चटणी काय दिल्लीत खपवायचीय?’ मी यूट्यूब स्टुडिओत जाऊन बघितलं, माझे व्हिडिओ सगळ्यात जास्त पुण्यात बघतात, मग मुंबईत, मग कोल्हापुरात, आणि बघणाऱ्यांत बायका जास्त. तेवढं एका पानावर लिहून पाठवलं. त्यांचा मसाला विकत घेणारी बाई तीच आहे, हे मला माझ्याच चॅनेलवर तीन वर्षं दिसलं नव्हतं.

करारातले दोन शब्द तुम्ही फोटोवर गोल करून पाठवलेत. एक ‘इन पर्पेच्युइटी’, म्हणजे कायमचं. आपल्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिलेलीच नसेल तर हक्क पाच वर्षांसाठी दिले असं धरतात, म्हणून हे लोक ‘कायमचं’ हा शब्द मुद्दाम घालतात, हे तुमच्याकडूनच कळलं. दुसरा शब्द एक्सक्लुझिव्हिटी: वर्षभर मी कुठल्याच खाद्यपदार्थाच्या कंपनीसोबत काम करायचं नाही. स्वयंपाकाचं चॅनेल असलेल्या बाईने वर्षभर खाण्याची जाहिरात घ्यायची नाही, आणि त्याचे वेगळे पैसेही नाहीत.

बोलणी झाली त्या दिवसाचं सांगते. तुम्ही बजावलं होतं, ‘आकडा सांग आणि गप्प बस. पुढे एक शब्द बोलायचा नाही.’ मी मोबाईल पिठाच्या डब्यावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि म्हटलं, ‘२८ हजार.’ पलीकडे शांतता. माझ्या ओठांवर आलं होतं, ‘जास्त वाटत असतील तर सांगा.’ मी पदराचं टोक दातात धरलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला ऐकू येत होता. मग तो म्हणाला, ‘मी वरती विचारतो.’ दुसऱ्या दिवशी होकार आला. निम्मे आधी, उरलेले व्हिडिओ गेल्यापासून तीस दिवसांत. जाहिरातीसाठी वापर तीन महिने. दुसऱ्या मसाल्याची जाहिरात एक महिना नाही, बाकी मी मोकळी. हे सगळे आकडे मी इथे मुद्दाम लिहितेय. कुणाला तरी उद्या आठ हजारांचा मेल येईल.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही पैशांपेक्षा जास्त अडून बसलात. कंपनीला वाटत होतं की ‘जाहिरात’ हा शब्द खाली बारीक अक्षरात, इंग्रजीत जावा. आणि मी म्हणावं, ‘आता घरी चटणी कुटायची गरजच नाही.’ तुम्ही म्हणालात, ज्या भाषेत सांगतेस त्याच भाषेत, दिसेल असं लिहायचं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तेच सांगितलंय, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण लगेच पुढे म्हणालात, ‘दंडाचं सोड. बायका तुझ्यावर विश्वास ठेवून माल आणतात.’ मी व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगितलं की ही जाहिरात आहे, याचे मला पैसे मिळालेत, घाईच्या दिवशी हा मसाला चालतो आणि सवड असेल तेव्हा मी घरचीच चटणी कुटते. कंपनीने ते तसंच ठेवलं. खाली एका काकूंनी लिहिलं, ‘सरळ सांगितलंस, बरं वाटलं.’

तुम्ही मला उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करायला लावलीत, फुकट होते, घरबसल्या झाली. कायद्याने छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, हे आता मी बिलाच्या खाली एका ओळीत लिहिते. ती नोंदणी कामाआधीच केलेली बरी; माझी तेव्हा नव्हती, ते जुने १८ हजार गेले ते गेलेच. अजून आठवलं की पोटात तुटतं. त्या महिन्यात मुलाची फी भरायची होती.

आणि कुणी मेल पाठवील म्हणून वाट बघायची नाही, हेही तुमचंच. ‘तुझ्या फडताळातले डबे बघ. जे पैसे देऊन आणतेस त्या पाकिटामागचा पत्ता वाच आणि त्यांना लिही.’ मी जयसिंगपूरच्या एका लाकडी घाण्याच्या तेलवाल्यांना लिहिलं, आमच्याकडे पाच वर्षं तेच तेल येतं. त्यांच्याकडे पैसे थोडेच होते, सहा हजार ठरले. पण त्यांनी ते व्हिडिओच्या आदल्या दिवशी पाठवले आणि वर फोन करून विचारलं, ‘ताई, मिळाले का?’ मोठ्या शहरातल्या, काचेच्या ऑफिसातल्या लोकांनी मला सात महिने जे विचारलं नाही ते या माणसाने विचारलं. सज्जनपणाला लागतं तरी काय, असं तेव्हापासून सारखं वाटतं. वेळेवर पैसे देणं. फोन उचलणं. नाही म्हणायचं तर नाही म्हणणं. आमच्या गल्लीतली भाजीवाली सुट्टे नसले तर ‘उद्या द्या’ म्हणते आणि मीही दुसऱ्या दिवशी आठवणीने देते. तेवढंच तर.

परवा आजऱ्याकडच्या एका मुलीने मला विचारलं, ‘ताई, तुम्ही किती घेता?’ व्यवसायाचा सल्ला विचारताना मला कुणी ताई म्हणण्याची ही पहिलीच वेळ. तिला माझी दोन्ही बिलं पाठवली, आणि तव्याचा तो ‘ओके’वाला मेलसुद्धा. तो पाठवताना हात जरा थांबला. तुमचाही थांबला असेल, ते तेव्हा कळलं.

तुम्ही माझ्याकडून काही घेत नाही. साडी नको म्हणालात, पैसे तर नाहीच. पण गेल्या आठवड्यात डंकावरून चटणी आणलीय, सासूबाईंनी स्वतः बसून कालवली. त्यातली दोन किलो बरणीत भरून उद्या एसटीच्या पार्सलने पाठवतेय. हिला नाही म्हणायचं नाही. मीठ आम्ही नेहमीपेक्षा निम्मं घातलंय. डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय असं तुम्ही त्या पहिल्या फोनवर बोलता बोलता म्हणाला होतात. म्हणून जास्त दिवस टिकणार नाही, फ्रिजमध्ये ठेवा आणि ओला चमचा घालू नका.

तुमची,
गडहिंग्लजची धाकटी बहीण