कूलरसमोर बसून माझा अख्खा प्रयोग करून बघणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

समोर बसून आभार मानले असते तर ‘चहा घे आधी’ म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

प्रश्न लहानच होता: एफएमआरआयच्या (रक्तातल्या ऑक्सिजनवरून मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनच्या) प्रयोगात एका चित्रानंतर दुसरं किती वेळाने दाखवायचं? तुमच्याआधी ज्यांना विचारलं, ते सगळे या विषयातले जाणकार. एक म्हणाले, ‘रिसर्च पेपरात चार सेकंद आहे ना, मग चारच ठेव.’ चारच का, म्हटल्यावर त्यांना मीटिंग आठवली. दुसऱ्यांनी ‘सॉफ्टवेअर बघून घेईल’ म्हणत वाटेला लावलं. स्कॅनरचा तास किती महाग पडतो, हे मात्र दोघांनीही आवर्जून ऐकवलं!

तुम्ही संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. म्हणालात, ‘मेंदूतलं मला कळत नाही, आधी तुझा प्रयोग मला करू दे.’ मे महिन्यातली नागपूरची दुपार, धरमपेठेतलं तुमचं घर, कूलरची घरघर, आणि तुम्ही लॅपटॉपसमोर बसून पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत बटण दाबत राहिलात. मधे फोन वाजला, तो काकूंनी उचलला. मान हलवायची नसते म्हटलं, तर तेही पाळलंत, स्कॅनर नसताना! उठताना म्हणालात, ‘बेटा, पुढचं चित्र कधी येणार हे माझ्या बोटाला आधीच ठाऊक झालं होतं.’

चित्र दिसल्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा सिग्नल 5-6 सेकंदांनी शिखर गाठतो आणि खाली बसायला 15-20 सेकंद घेतो. दर 4 सेकंदांनी चित्र आलं की लाटेवर लाट चढून जवळपास सपाट रेघ उरते. प्रत्येक वेळी 15 सेकंद थांबावं तर ट्रायल (एकेक चित्र दाखवण्याच्या खेपा) मोजक्याच होतात आणि माणूस पेंगतो. म्हणून अंतरं असमान हवीत, लहान जास्त, लांब थोडी. मग गणिताने एकमेकींवर चढलेल्या लाटा सुट्या करता येतात. अँडर्स डेल यांचा 1999 चा पेपर हेच सांगतो. वाचला होता मी. पटला तुमच्या बोटामुळे: सारखं अंतर बोटालाही पाठ होतं.

आपल्याकडे पाहुण्याला आग्रहाने वाढणारे घरोघरी आहेत. दुसऱ्याचं कच्चं काम शेवटपर्यंत बसून बघणारी माणसं मला फार भेटली नाहीत, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

नवा क्रम तयार आहे. टीआर, म्हणजे स्कॅनर मेंदूची एक पूर्ण छबी टिपायला घेतो तो वेळ, 2 सेकंदांचा. त्याच्या ठोक्यावरच चित्रं आली तर लाटेचे तेच ते बिंदू हाती लागतात, म्हणून ती थोडी मागेपुढे सरकवली आहेत. रविवारी पुन्हा बसाल का? या वेळी रिकाम्या पडद्याचे ट्रायलही घातलेत, जरा कंटाळा येईल.

तुमची विद्यार्थिनी
(वर्गात कधीच नसलेली)