प्राजू, इंग्लिशला घाबरून पीओ सोडू नको

प्राजू बाळा,

काल फोनवर तू म्हणालीस की आयबीपीएस पीओचा, म्हणजे सरकारी बँकांतल्या ऑफिसरच्या परीक्षेचा नाद सोडते आणि आता फक्त आरआरबीचं, म्हणजे ग्रामीण बँकांच्या परीक्षेचं बघते कारण तिथं प्रिलिम्सला, म्हणजे पहिल्या चाळणी परीक्षेला, इंग्लिश नाही, तेव्हा आई शेजारीच होती म्हणून मी जास्त काही बोललो नाही, पण रात्री झोप लागेना, म्हणून लिहून पाठवतोय, निवांत वाच. आरआरबी दे की, जरूर दे. प्रिलिम्सला नुसतं रिझनिंग आणि गणित असतं हे खरंय, मेन्सला, म्हणजे पुढच्या मुख्य परीक्षेलाही, इंग्लिश किंवा हिंदी यातलं एक निवडता येतं. पण तुझं गणित एवढं पक्कं असताना एका सेक्शनला भिऊन पीओचा फॉर्मच भरायचा नाही हे मला अजिबात पटलं नाही बघ.

पीओच्या प्रिलिम्सला इंग्लिशचे ३० प्रश्न आणि २० मिनिटं. वेळ संपला की सेक्शन बंद, गणितातला वाचलेला वेळ इकडं आणता येत नाही. आणि आयबीपीएसला प्रत्येक सेक्शनचा वेगळा कटऑफ असतो, म्हणजे गणितात कितीही मार्क पाडलेस तरी इंग्लिशला खाली राहिलीस की बाहेर. स्टेट बँकेच्या पीओला सेक्शनचा कटऑफ नसतो, पण बेरजेत तिथंही इंग्लिश आहेच. मात्र सगळेच्या सगळे प्रश्न सोडवायची गरज नाही, आणि हेच तू मनावर घेत नाहीस.

तुझ्या मॉकचे, म्हणजे सराव परीक्षांचे, स्क्रीनशॉट मी नीट बघितले. येत नाही म्हणून मार्क जातात ते थोडे, अंदाजानं टिक करून घालवलेले जास्त. हिशेब बघ, एका प्रश्नाला पाच पर्याय, चुकलं की पाव मार्क कापणार. डोळे झाकून पाच प्रश्न मारले तर सरासरी एक बरोबर येणार आणि चार चुकणार, एक मार्क आला आणि चार पाव गेले, हातात शून्य, वर वेळ गेला तो वेगळाच. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत असं दिसलं की मग उरलेल्या तिनातून एक मारण्यात फायदा आहे. तेवढ्यालाच हात लाव, बाकी सोडून पुढं जा.

आता एरर स्पॉटिंग, म्हणजे वाक्यातली चूक शोधायची. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला नवीन आलेल्या पोरानं परवा बाहेरच्या पार्टीला मेल टाईप केला, ‘द कन्साइनमेंट ऑफ टॉवेल्स आर रेडी’. मी म्हटलं बाबा, तयार काय आहे, कन्साइनमेंट ना, ती एकच आहे, मग ‘इज’ पाहिजे. टॉवेल्स जवळ आला म्हणून तो फसला. परीक्षेत अगदी हेच करतात, कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये चार शब्द घुसडतात आणि जवळचा शब्द बघून आपण फसतो. मधलं सगळं बोटानं झाकायचं आणि उरलेलं वाचायचं. ‘वन ऑफ द’, ‘ईच ऑफ द’, ‘अलाँग विथ’ असं काही दिसलं की आधी हेच तपास. ‘सिनियर’ आणि ‘प्रिफर’च्या पुढं ‘दॅन’ नाही, ‘टू’. असे नियम फार नाहीत गं, तेच तेच फिरवून विचारतात.

क्लासवाले रोज ढीगभर शब्द पाठ करायला लावतात ते मला पटत नाही, सुटे शब्द आठवड्यात विसरतात. त्यापेक्षा वाच. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी पतधोरण जाहीर करते, गव्हर्नरांचं ते अख्खं भाषण आरबीआयच्या साईटवर फुकट असतं, ते घे आणि रोज दोन परिच्छेद मोठ्यानं वाच. इन्फ्लेशन, रेझिलियंट, अकॉमोडेटिव्ह हे शब्द तिथं वाक्यात बसलेले भेटतात, त्यामुळं क्लोझ टेस्टला उताऱ्यातली रिकामी जागा बघितली की आपसूक सुचायला लागतं. आणि मेन्सचा बँकिंग अवेअरनेस, पुढचा इंटरव्ह्यू, दोन्हीची तयारी त्यातच होते. पहिले काही दिवस डोक्यावरून जाईल, जाऊदे. अर्थ शोधायला प्रत्येक शब्दाला थांबू नकोस, वाक्य पूर्ण कर मग मागं ये.

पेपर उघडला की आधी फिलर्स (सुट्या वाक्यातल्या रिकाम्या जागा), एरर आणि क्लोझ टेस्ट संपव, पॅसेज नंतर. जंबल्डमध्ये, म्हणजे उलटसुलट वाक्यं क्रमानं लावायच्या प्रश्नात, ‘धिस’, ‘ही’, ‘हाउएव्हर’नं सुरू होणारं वाक्य सहसा पहिलं नसतं, तेवढं बघितलं तरी पर्याय कमी होतात. मेन्सला वर्णनात्मक पेपर २५ मार्कांचा, अर्ध्या तासात कॉम्प्युटरवर टाईप करायचा, म्हणून आत्तापासून रोज थोडं इंग्लिश टायपिंग ठेव.

पैशाचं टेन्शन घेऊ नको, फॉर्मची फी मी भरतो. फॉर्ममध्ये एक डिक्लरेशन स्वतःच्या हातानं इंग्लिशमध्ये लिहून अपलोड करावं लागतं, ते कॅपिटलमध्ये लिहिलं तर चालत नाही, नोटिफिकेशनमधला मजकूर बघून पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं आधीच लिहून ठेव. मागच्या आठवड्यात इथून पुण्याला गेलीस तेव्हा व्याकरणाची वही सोलापुरातच राहिली, ती शेंगाचटणीच्या डब्यासोबत उद्याच्या गाडीनं पाठवतो. रविवारी रात्री जेवण झाल्यावर फोन कर, मॉक समोर ठेव आणि चुकलेला एकेक प्रश्न मला वाचून दाखव, मला वेळ आहे.

तुझे पप्पा