मेलेल्या चाकाची कमाई

महोदय,

मंगळावरच्या रोव्हरची बातमी आली की आपण छायाचित्रे पाहतो, चाकांकडे कोण बघतो? क्युरिऑसिटीच्या ॲल्युमिनियमच्या चाकांचा पत्रा जेमतेम ०.७५ मिलिमीटर जाड; अणकुचीदार खडकांनी २०१३ मध्येच त्याला भोके पाडली. त्याआधीच्या स्पिरिट या रोव्हरची तऱ्हा आणखी न्यारी. २००६ मध्ये त्याचे पुढचे उजवे चाक बंद पडले. मग स्वारी उलटी चालू लागली, मेलेले चाक फरफटत. त्या फरफटीने जमीन उकरली गेली आणि २००७ मध्ये खालची पांढरट, सिलिकाने (वाळूतल्या मुख्य घटकाने) भरलेली माती दिसली. तिथे कधीकाळी गरम पाणी किंवा वाफ असल्याची ती खूण. (धडधाकट चाकाला हे कुठले जमायला!) २००९ मध्ये मात्र स्पिरिटच भुसभुशीत मातीत रुतले, ते कायमचेच. पृथ्वीवरून संदेश पोचायलाच काही मिनिटे लागतात. ‘थांब’ म्हणेपर्यंत चाक आत गेलेले असते.

– एक वाचक