कौशल्यमंत्र्यांना खुलं पत्र : नवं सर्टिफिकेट नको, परीक्षा बदला आणि लॅब उघड्या ठेवा

प्रति,
मा. मंत्री, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : आयटीआय आणि सरकारी संगणक अभ्यासक्रमांतल्या प्रोग्रॅमिंगबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

एआयचा कोर्स सध्या सगळ्यांनाच काढायचा आहे. ठाणे स्टेशनातून पश्चिमेला उतरून गोखले रोडने चालत निघालं की क्लासवाल्यांनी तो केव्हाच काढलाय हे पाट्यांवरून कळतं. काही महिन्यांत एआय इंजिनिअर, नोकरीची हमी. कसली नोकरी, ते पाटीवर नसतं. आपल्या खात्याकडूनही असे कोर्स येत राहणार आणि ते यायला हवेत. घाई आहे ती त्यांचं सर्टिफिकेट छापण्याची, आणि भीती तिचीच वाटते.

मी ऐरोलीत एका आयटी कंपनीत प्रोग्रॅमर आहे, राहतो कळव्याला. रविवारी आमच्या भागातल्या मुलामुलींना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतो. बरीचशी आयटीआयची, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट) ट्रेडची आहेत, काही बी.कॉम. करणारी. त्यांचे आईवडील एकच प्रश्न विचारतात: "सर, आता प्रोग्रॅम एआयच लिहितो म्हणे, मग पोरानं शिकायचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. कोड सुचवणारा कोपायलट २०२१ मध्ये आला, चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये, आणि आज माझ्यासमोर येणाऱ्या कोडचा मोठा भाग माणसाने टाइप केलेला नसतो. पण तो तपासायला माणूसच बसतो, आणि चुकला तर फोन त्यालाच येतो.

एक उदाहरण देतो. पतपेढीचं व्याज काढून रक्कम पूर्ण रुपयात आणणारा प्रोग्रॅम दे, असं एआयला सांगा. क्षणात मिळतो, नीटनेटका असतो, चालतोही. पूर्ण रुपयात आणायला त्यात बहुधा पायथनचं राउंड फंक्शन वापरलेलं असतं. आता त्यात अडीच रुपये घाला. आपण शाळेत शिकलो तसं उत्तर तीन यायला हवं. पायथन दोन सांगतं. साडेतीन घातले तर मात्र चार! बरोबर निम्म्यावर आलं की जवळच्या सम आकड्याकडे जायचं, असा पायथन ३ चा नियमच आहे, आणि तो उगाच केलेला नाही: हजारो रकमांच्या बेरजेत फरक एकाच बाजूला साचत जात नाही. पण पतपेढीचा ठराव 'अर्धा रुपया झाला की वर' असा असेल, तर हा प्रोग्रॅम चुकीचा आहे. चालताना तो एकही एरर दाखवत नाही. ज्या मुलीने दहा-बारा रकमा वहीवर स्वतः काढून पडद्यावरच्या उत्तरांशी ताडून पाहिल्या, तिलाच तो सापडतो. मशीन लिहायला लागल्यावर उरलेलं काम हे आहे, आणि ते लिहिण्यापेक्षा सोपं नाही.

आता आपली परीक्षा पाहा. 'अमुक करणारा प्रोग्रॅम लिहा.' जर्नलमध्ये त्याची प्रिंट, खाली सही. पूर्वी ती पुढच्या बाकावरच्या मुलाकडून यायची, आता मोबाइलवरून येते. (पुढच्या बाकावरचा मुलगा निदान कधीतरी नाही म्हणायचा.) अशा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाला काय येतं, हे त्याच्या गुणांवरून सांगता येत नाही.

म्हणून पेपर उलटा करा. मुलांना तीस-चाळीस ओळींचा तयार प्रोग्रॅम द्या, एआयने लिहिलेला असला तरी चालेल. यात चुका आहेत, त्या शोधा, ही चूक का आहे ते आपल्या शब्दांत मराठीत लिहा, मग मशीनवर दुरुस्त करून दाखवा. दुसऱ्या भागात एआय खुशाल वापरू द्या, पण प्रोग्रॅम कुठल्या इनपुटवर मोडेल, ते इनपुट मुलांनीच शोधायचं. कोपाची अंतिम परीक्षा केंद्र सरकारची असते हे मला ठाऊक आहे. पण वर्षभराचं अंतर्गत मूल्यमापन संस्थेतच होतं, आणि राज्याच्या कौशल्य मंडळाचे सर्टिफिकेट कोर्स तर आपल्याच हातात आहेत. तिथे हे करायला दिल्लीला विचारावं लागत नाही.

अशा पेपरसाठी प्रश्न बाहेरून आणायचीही गरज नाही. 'ठाणे' हा शब्द पायथनला मोजायला सांगा. आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पायथन चार सांगतं, कारण काना आणि मात्रा ते वेगळे मोजतं. तोच शब्द उलटा छापायला सांगा, मात्रा सुटून सगळ्यात पुढे लटकते. साठवायला घेतला तर यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे या दोन अक्षरांना बारा. इंग्रजी नावं डोळ्यासमोर ठेवून कुणी वीस बाइटची जागा ठेवली असेल, तर तिथे मराठी नाव सहा चिन्हांतच संपतं. छापील पावतीवर अर्ध्यात तुटलेली नावं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. एआयकडून आलेल्या कोडमध्येही ही चूक सहज राहून जाते. ती पकडणारी माणसं आपल्याकडे तयार झाली नाहीत तर कुठे होणार?

एमएस-सीआयटीचा दाखला इथे द्यावासा वाटतो. २००१ पासून एमकेसीएलने (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने) हा संगणक साक्षरतेचा कोर्स गावोगावी नेला आणि असंख्य लोकांनी माउस पहिल्यांदा तिथेच हातात धरला. या कोर्सची चेष्टा करणाऱ्यांशी मी भांडतो. पण सरकारी नोकरीच्या अटीत सर्टिफिकेट बसलं आणि पुष्कळांसाठी सर्टिफिकेट हाच कोर्स झाला. वर्ड आणि एक्सेलच्या बाबतीत ते एक वेळ निभावलं. एआयच्या बाबतीत निभावणार नाही, कारण आज पाठ केलेला पडदा वर्षभरात दिसायचा बंद होतो.

आणि लॅब. रविवारी माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी कॉम्प्युटर नाही, मोबाइल आहे. ब्राउझरमध्येच पायथन चालवणारं फुकटचं गुगल कोलॅब मोबाइलवर उघडतं, नाही असं नाही. पण पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवर अर्थ ठरतो. अंगठ्याने स्पेस मोजत कोड लिहिणारा मुलगा पाहिला की त्याच्या चिकाटीचं कौतुक करावं की आपल्याला लाज वाटावी, कळत नाही. त्याच वेळी सरकारी पैशाने घेतलेली मशीन वर्ग सुटल्यावर कुलपात असतात. संध्याकाळी सहा ते नऊ, आठवड्यातून निदान तीन दिवस, लॅब उघडी ठेवा. आजी विद्यार्थ्यांना आणि पास होऊन गेलेल्यांनाही येऊ द्या. वीज, रखवालदार आणि लॅब सांभाळणारा एक माणूस, एवढाच खर्च.

शिल्प निदेशकांना, म्हणजे आयटीआयच्या शिक्षकांना, दरवर्षी काही आठवडे कंपन्यांमध्ये बसवा, हेही जाता जाता सांगतो. त्यांना दोन दिवसांची कार्यशाळा आणि चहा-बिस्किटं पुरत नाहीत.

राहिला उद्योग. ठाण्याच्या ९-१० नंबर फलाटावरून पनवेलची गाडी पकडली की दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली अशी स्टेशनं येतात. एकेकाळी इथे भातशेती आणि मिठागरं होती, मग केमिकलचे कारखाने आले, आता काचेच्या इमारती आणि डेटा सेंटर आहेत. ज्या एआयची एवढी चर्चा आहे ते अशाच इमारतींत चालतं. पण डेटा सेंटरला नुसते प्रोग्रॅमर लागत नाहीत. सर्व्हर थंड ठेवावे लागतात, वीज क्षणभर जाऊन चालत नाही. म्हणजे रेफ्रिजरेशनची आणि इलेक्ट्रिशियनची मुलंही हवीत, आणि तापमानाच्या नोंदी वाचणारा छोटा प्रोग्रॅम त्यांना समजला तर ती मुलं कामाची ठरतील. एआयच्या वर्गात त्यांना का घेत नाही? ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या किती इमारतींत आपल्या आयटीआयची मुलं शिकाऊ म्हणून आहेत, एवढी यादी आपण एकदा मागवून पाहावी आणि जाहीर करावी.

सगळ्या राज्यात एकदम करा असं म्हणत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या एका आयटीआयपासून या वर्षी सुरुवात करा. ऐरोली-महापेत संध्याकाळी एक तास द्यायला तयार असलेले प्रोग्रॅमर मिळतील, मी स्वतः आहेच. संस्था व्यवस्थापन समितीत उद्योगातली माणसं असतातच, त्यांनी मनावर घेतलं तर वेळापत्रक आठवड्याभरात लागेल. अडतं एवढंच की बाहेरच्या माणसाला संध्याकाळी लॅबमध्ये शिकवायची परवानगी नेमकी कोण देतं, प्राचार्य, सहसंचालक की मंत्रालय, याचं प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर मिळतं. आपल्या कार्यालयाने तेवढं लेखी कळवावं. अर्ज तयार आहे.

आपला,
कळव्यात राहणारा एक प्रोग्रॅमर