आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : बिडी सुटते आणि खर्रा लागतो

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी विदर्भात दंतवैद्य म्हणून काम करते. दवाखान्यात आलेल्या माणसाला बिडी-सिगारेटबद्दल विचारलं की बरेचदा अभिमानाने उत्तर येतं, ‘मॅडम, बिडी तर कधीचीच सोडली. आता फक्त खर्रा.’ खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. मग तोंड उघडायला सांगते. जिथे तीन बोटं उभी आत जायला हवीत तिथे दीड बोट जेमतेम जातं. गाल आतून पांढुरके आणि ताठ झालेले असतात, तिखट जिभेला सोसत नाही. या माणसाने बिडी सोडायचं खरोखर मनावर घेतलं होतं आणि ते तडीसही नेलं होतं. त्या दिवसांत त्याला आधार हवा होता, तो पानठेल्यावर मिळाला. आरोग्य केंद्रात मिळाला नाही.

धूम्रपान सोडवायचं तर धूर नसलेली तंबाखू द्यावी, ती कमी घातक असते, असं मत जगात गंभीरपणे मांडलं जातं आणि आता आपल्याकडेही ऐकू येतं. ते पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये पुरुष पिढ्यान्‌पिढ्या ‘स्नूस’ वापरतात. दळलेली तंबाखू, मीठ आणि पाणी यांची ही ओलसर पूड वरच्या ओठाखाली ठेवतात. ती तयार करताना वाफेवर तापवतात आणि पुढे थंडाव्यात ठेवतात, त्यामुळे कर्करोगाला कारण ठरणारी नायट्रोसामाइन्स तिच्यात कमी राहतात. युरोपीय संघाने १९९२ साली अशा तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली, पण १९९५ साली स्वीडन संघात आला तो या बंदीतून सूट घेऊनच. तिथल्या पुरुषांनी मोठ्या संख्येने सिगारेट सोडली आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे त्यांचे मृत्यू आज युरोपात सर्वांत कमी असणाऱ्यांत मोडतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली एका स्वीडिश कंपनीला तर सांगायची परवानगीच दिली, की सिगारेटऐवजी आमचं स्नूस वापरल्यास तोंडाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकार यांचा धोका कमी होतो. धूर गेला की कार्बन मोनॉक्साइड जातो, डांबर जातं. हे इथेही तितकंच खरं आहे. बिडी ओढणाऱ्याची छाती मी पाहिली आहे, तिची बाजू मला घ्यायची नाही.

पण स्वीडनचा हा अनुभव महाराष्ट्राला लावण्याआधी आपल्याच सरकारी सर्वेक्षणाचे आकडे पाहा. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि २४.४ टक्के धूर नसलेली तंबाखू वापरत होते. दोन्ही मिळून तंबाखू वापरणारे होते २६.६ टक्के. बेरीज-वजाबाकी केली की १.६ टक्के लोक दोन्ही करणारे निघतात. म्हणजे राज्यातल्या दर १०० धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४० हून अधिक जण आधीच तंबाखू खातही होते, आणि तरी त्यांची बिडी सुटलेली नव्हती. कामाच्या ठिकाणी ओढता येत नाही तिथे तोंडात तंबाखूचा बार भरायचा, बाहेर पडलं की बिडी पेटवायची, असा हा जोडधंदा चालतो. निकोटिनची तलफ दिवसभर कुठेच अडत नाही, मग सोडायची वेळ येणार कधी?

आणि इथे हाताशी असतो तो खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर घोटला जातो. त्यात काय किती टाकलं हे घोटणाऱ्याच्या हातावर. त्याला ना मानक, ना तपासणी. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि तोंडात झपाट्याने शोषलं जातं, म्हणून त्याची सवय घट्ट बसते. सुपारी तर तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात तसं स्पष्ट नोंदवलं. गाल ताठ होऊन तोंड मिटत जाण्याचा आजार मुख्यतः सुपारीनेच होतो, आणि तो एकदा जडला की खर्रा सोडल्यावरही तोंड पूर्वीसारखं उघडत नाही. २०२० च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार नवे रुग्ण होते. पुरुषांमध्ये हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. आपल्याकडे तो बहुतेकदा गाल आणि हिरडी यांच्या मधल्या घडीत उगवतो, नेमका जिथे बार ठेवतात तिथे.

राज्याने २०१२ साली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, पुढे सुगंधी तंबाखूही त्यात आली. हा निर्णय धाडसी होता आणि मी त्याच्या बाजूने आहे. अशा राज्यात एखाद्या डॉक्टरने किंवा समुपदेशकाने ‘निदान बिडी तरी सोडा, खाल्ली तर चालेल’ म्हणणं थांबलं पाहिजे. ते चांगल्या मनाने म्हटलं जातं, मी स्वतः ऐकलं आहे. बायकांच्या बाबतीत तर तंबाखू खाणं आणि मशेरी लावणं कुणी व्यसनात धरतच नाही. मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. इथे दोष धुराचा नव्हता.

तलफ भागवायला निकोटिन द्यायचंच असेल, तर ते तंबाखूशिवाय द्यायची सोय आज आहे. निकोटिनच्या च्युइंगगम आणि त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली अत्यावश्यक औषधांत घेतल्या. २०२२ साली आपल्या राष्ट्रीय यादीतही निकोटिन आलं. गम दोन-चार वेळा चावून गालात दाबून ठेवायचा, चव ओसरली की पुन्हा चावायचा. बार ठेवायची सवय असलेल्या माणसाला हे एकदा दाखवलं की जमतं. पण दिवसाला आठ-दहा गम लागतात आणि औषध काही आठवडे घ्यावं लागतं. मजुरी करणाऱ्याला हा खर्च बिडीच्या कट्ट्यापेक्षा आणि खर्ऱ्याच्या पुडीपेक्षा जड जातो. मी चिठ्ठी लिहून रुग्ण सरकारी केंद्रात पाठवले आहेत, ते हात हलवत परत आले आहेत.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. येत्या वर्षाच्या औषध खरेदीत निकोटिनचे गम आणि पट्ट्या घ्या आणि त्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत मोफत पोचवा, फक्त जिल्हा रुग्णालयात ठेवून भागणार नाही. तलफ कमी करणारी व्हॅरेनिक्लिनसारखी गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली तालुक्याला मिळू द्या. तंबाखू सोडायला मदत करणारा, पुड्यांवर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक ज्यांना वाचता येत नाही, त्यांना आशाताईंनी तो लावून द्यावा.

आशाताईंच्या तपासणी अर्जाबद्दल वेगळं लिहिते, कारण खर्च न करता होण्यासारखी ही एक गोष्ट आहे. त्या अर्जात धूम्रपान आणि तंबाखू खाणं हे एकाच प्रश्नात विचारलं जातं. बिडी सोडून खर्ऱ्यावर गेलेला माणूस त्यात ओळखूच येत नाही. आपल्या राज्यापुरते हे दोन प्रश्न वेगळे करा. आणि कुठल्याही केंद्राने ‘तंबाखू सोडली’ अशी नोंद करण्याआधी त्या माणसाच्या तोंडात डोकावून पाहावं, असा लेखी आदेश काढा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच, त्याच खुर्चीत हे होईल.

गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ गावोगावी दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करतं आहे आणि शासन त्यात सामील आहे. तेव्हा हे सरकारला जमणारं नाही, असं मला कुणी सांगू नये. खरेदीच्या यादीत गम आणि पट्ट्या कधी येणार, याचं उत्तर आपल्या विभागाने जाहीरपणे द्यावं, ही विनंती.

आपली,
विदर्भातील एक दंतवैद्य